चर्चच्या दारात उभा असलेला साक्षीदार

ऑश्विट्झ हे नाव आपल्या कॅथलिक घरांत प्रथम येते ते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या चरित्रातून. प्रवचनांत, धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि संतचरित्रांच्या छोट्या पुस्तिकांत ही कथा आपण अनेकवार ऐकलेली असते. १९४१ च्या जुलैअखेर त्या छळछावणीतून एक कैदी निसटल्याचे आढळले. त्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारण्याचे ठरले. निवडलेल्या दहांपैकी एकाने बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश केला आणि फादर कोल्बे रांगेतून पुढे येऊन त्याच्या जागी मरणास सिद्ध झाले. १४ ऑगस्ट रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांचा अंत करण्यात आला. ही कथा आपण जाणतो. परंतु ती आपल्यापर्यंत पोहोचली कशी, याचा विचार सहसा करीत नाही. ज्यांचे प्राण वाचले ते फ्रांचिशेक गायोव्निचेक छावणीतून जिवंत बाहेर आले आणि १९९५ साली मृत्यू येईपर्यंत ती हकीकत सांगत राहिले. १९८२ साली रोममध्ये कोल्बे यांना संतपद बहाल झाले तेव्हा ते तेथे हजर होते. तळघरातील कोठडीत अखेरचे दिवस कसे गेले, हे तेथे दुभाष्याचे काम करणाऱ्या दुसऱ्या एका कैद्याने सांगितले. जिवंत राहिलेल्या माणसांनी तोंड उघडले आणि कोणीतरी त्यांचे बोलणे टिपून ठेवले, म्हणूनच हा संत आपणांस लाभला.

त्याच ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली आणि त्यांतील सुमारे १० लाख ज्यू होती. त्यांच्यातून वाचलेल्यांचे बोलणे आपण किती ऐकले आहे? हा प्रश्न मनाशी धरून आम्ही फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लांझमान यांच्या ‘शोआ’ या १९८५ सालच्या चित्रपटाकडे वळलो. ‘शोआ’ हा हिब्रू शब्द. सर्वनाश, महासंकट असा त्याचा अर्थ. युद्धकाळातील ज्यू संहारातून वाचलेल्यांचा मौखिक इतिहास जतन करण्याचे जे अनेक प्रयत्न झाले, त्यांत ही कृती श्रेष्ठ मानली जाते. २०२३ साली युनेस्कोने तिचा समावेश जागतिक स्मृतिठेव्यात केला. तिचे गुण आणि तिचे दोष या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे. कारण साक्ष जतन करणे म्हणजे काय, हे या कृतीइतके दुसऱ्या कशाने आम्हांस शिकविले नाही.

लांझमान यांच्या आधी चाळीस वर्षे हे काम एका माणसाने जवळजवळ एकट्याने आरंभिले होते, त्याचे स्मरण प्रथम केले पाहिजे. डेव्हिड बोडर हे लॅटव्हियात जन्मलेले आणि शिकागोत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ. १९४६ साली ते ध्वनिमुद्रणाचे एक यंत्र घेऊन युरोपात गेले. त्या यंत्रात फितीऐवजी बारीक पोलादी तार असे आणि तिच्यावर आवाज उमटे. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनी या देशांतील निर्वासितांच्या वस्त्यांत जाऊन त्यांनी सुमारे १३० जणांचे बोलणे नऊ भाषांत मुद्रित केले. त्या वेळी या घटनेला सर्वमान्य असे नावदेखील पडलेले नव्हते. ऐकणाऱ्यालाच काही ठाऊक नाही, त्यामुळे बोडर पुन्हा पुन्हा विचारतात, खुलासा मागतात, कधी चुकीचे समजतात. पुढे कित्येक वर्षे ते या मुलाखतींचे भाषांतर करून टंकलिखित खंड तयार करीत बसले. मग अनुदान थांबले आणि १९६१ साली ते निवर्तले. एका मुलाखतीच्या अखेरीस त्यांचा स्वतःचाच आवाज त्या तारेवर उमटला आहे. या साऱ्याचा न्यायनिवाडा कोण करणार आणि माझ्या या कामाचा निवाडा कोण करणार, असे ते विचारतात. मौखिक इतिहासाच्या कोणत्याही समीक्षकाने हा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवावा. ऐकणारा हा देखील हिशेब देणे लागतो, ही जाणीव त्या वाक्यात आहे.

आता ‘शोआ’कडे वळू. सुमारे साडेनऊ तासांचा हा चित्रपट सिद्ध होण्यास अकरा वर्षे लागली. त्यासाठी २०० तासांहून अधिक चित्रीकरण झाले. त्यात युद्धकाळातील एकही जुने दृश्य नाही. प्रेतांचे ढीग नाहीत, पार्श्वसंगीत नाही, समजावून सांगणारा निवेदक नाही. आहेत ती केवळ बोलणारी माणसे, आणि ज्या जागी ते सारे घडले त्या जागांची आजची रूपे: गवत, पाइनची झाडे, रुळांवरून संथपणे जाणारी मालगाडी. प्रथमदर्शनी हा संयम रूक्ष वाटतो. परंतु थोड्याच वेळात ध्यानात येते की दिग्दर्शकाने आपल्या हातून पाहण्याची सवय काढून घेतली आहे आणि ऐकण्याखेरीज आपल्यापाशी दुसरे काही उरलेले नाही. भीषण छायाचित्र पाहून माणूस डोळे मिटतो आणि त्यातून सुटतो. शांतपणे बोलणाऱ्या माणसापुढून अशी सुटका होत नाही.

चित्रपटाच्या आरंभी पोलंडमधील खेल्मनो या गावची नदी दिसते आणि होडीत बसून गाणारा मध्यम वयाचा एक माणूस. हा सायमन स्रेब्निक. खेल्मनो येथे ८ डिसेंबर १९४१ पासून बंद मोटारगाड्यांत धूर सोडून माणसे मारण्यात आली. मृतांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे. तेथून जिवंत राहिलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेरा वर्षांचा स्रेब्निक पायांत साखळ्या असताना तेथे राबत होता. त्याचा गळा गोड म्हणून पहारेकरी त्याला नदीतून नेताना गावयास लावीत आणि काठावरचे गावकरी ते ऐकत. जानेवारी १९४५ मध्ये, रशियन सैन्य जवळ येताच, उरलेल्या कैद्यांच्या डोक्यांत गोळ्या घालण्यात आल्या. स्रेब्निकलाही गोळी लागली, पण ती प्राणघातक ठरली नाही. तो सरपटत एका डुकरांच्या गोठ्यात गेला, तेथे एका पोलिश शेतकऱ्याला सापडला आणि रशियन सैन्यातील डॉक्टराने त्याला बरे केले. लांझमान यांनी त्याला इस्राएलमध्ये शोधून काढले आणि पुन्हा त्या नदीवर आणले.

या चित्रपटातील एका प्रसंगापाशी आम्ही थांबलो, आणि कॅथलिक वाचकानेही थांबावे असे आम्हांस वाटते. स्रेब्निक खेल्मनोच्या चर्चच्या दारात उभा आहे. भोवती गावकऱ्यांचा मेळा. त्यांना तो मुलगा आठवतो, त्याचे गाणे आठवते, तो जिवंत आहे याचा त्यांना आनंद आहे, आणि तो आनंद खोटा नाही. आत मिस्सा चालू आहे. आज कोणता सण, असे दिग्दर्शक विचारतो. पवित्र मरियेचा जन्मदिन, असे उत्तर मिळते. म्हणजे ८ सप्टेंबर. याच सणाला जोडून आपल्याकडे वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते, हे मुद्दाम सांगावयास नको. पांढऱ्या पोशाखातील मुली, मिरवणूक, भक्तिगीते. यांतले काहीच आपल्याला परके नाही.

मग विचारले जाते की, ज्यूंना मारण्यापूर्वी कोठे ठेवीत होते? याच चर्चमध्ये, असे गावकरी सांगतात. १९४४ साली, संहाराच्या दुसऱ्या टप्प्यात, गाड्यांतून आणलेल्या माणसांना या देवळात रात्रभर कोंडीत आणि मग जंगलाकडे नेत. गावकरी हे सांगतात, त्यांच्या पेट्यांविषयी सांगतात, त्या पेट्यांतील सोन्याविषयीही सांगतात. हे सारे ज्यूंच्याच वाट्याला का आले, असा प्रश्न येतो. ते श्रीमंत होते, असे कोणी म्हणतो. तेवढ्यात चर्चमधील ऑर्गनवादक पुढे सरसावतो आणि मित्राकडून ऐकलेली एक गोष्ट सांगतो. मरणाच्या दारी जमलेल्या आपल्या लोकांना एका राब्बीनेच म्हणे सांगितले की, दोन हजार वर्षांपूर्वी आपण निष्पाप ख्रिस्ताला दोषी ठरविले आणि त्याचे रक्त आपल्या माथी घेतले. त्याची वेळ आता आली असावी. गर्दीतून या म्हणण्याला दुजोरा मिळतो. आणि या साऱ्या वेळात स्रेब्निक मध्यभागी उभा आहे. तो एक शब्द बोलत नाही. त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेले हसू आहे.

या मौनाची नोंद कोणत्याही लेखी जबाबात झाली नसती. टंकलिखित कागदावर गावकऱ्यांची वाक्ये उतरली असती आणि ‘साक्षीदार गप्प राहिला’ एवढी ओळ कोणी घातली असती, कदाचित तीही नाही. कॅमेऱ्याने ते मौन जतन केले, आणि आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील ती सर्वांत बोलकी साक्ष आहे. त्या गर्दीत दुष्ट म्हणावे असे कोणी दिसत नाही. ती आपल्या धर्मग्रामातील गर्दीसारखीच आहे. सणाला आलेली, पाहुण्याचे स्वागत करणारी, आणि वाडवडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट विचार न करता पुढे सांगणारी.

येथेच या कृतीवरील मुख्य आक्षेपाचा विचार केला पाहिजे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पोलंडच्या तत्कालीन सरकारने निषेध नोंदविला. पोलिश शेतकऱ्यांचीच बाजू काळी रंगविली, ज्यांनी ज्यूंना लपविले त्यांना जागा दिली नाही, असे अनेकांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य आहे. जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचविणाऱ्यांची जी नामावली जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने केली आहे, तीत सर्वाधिक नावे पोलिश आहेत. पोलिश कॅथलिक स्वतः त्या युद्धात दोन्ही बाजूंनी भरडले गेले. आपल्या महाराष्ट्राला तर ते ठाऊक असावयास हवे. सोव्हिएत भूमीत हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० माणसांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता. कार्स्की या पोलिश कॅथलिक दूताची कथाही याच चित्रपटात आहे. यान कार्स्की १९४२ साली गुप्तपणे वॉर्साच्या ज्यू वस्तीत शिरले, तेथील हाल डोळ्यांनी पाहिले आणि ती वार्ता घेऊन लंडनला व वॉशिंग्टनला गेले. चित्रपटात बोलावयास आरंभ करताच त्यांना रडू कोसळते, ते उठून खोलीबाहेर जातात आणि थोड्या वेळाने परत येऊन बोलतात. परंतु पाश्चात्त्य नेत्यांना आपण काय सांगितले, हा त्यांच्या मुलाखतीचा भाग लांझमान यांनी वगळला, आणि त्याची खंत कार्स्कींनी बोलून दाखविली. तो भाग २०१० साली, कार्स्कींच्या निधनानंतर दहा वर्षांनी, स्वतंत्र चित्रपटाच्या रूपाने पुढे आला. साक्ष जतन करणाराही काय ठेवावे आणि काय वगळावे हे ठरवीत असतो. त्याच्या हातची कात्री आपण विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. अब्राहम बोंबा हा चेंस्तोहोवा शहरातून ट्रेब्लिंकाला नेलेला न्हावी. हे तेच चेंस्तोहोवा, जेथे काळ्या मरियामातेचे सुप्रसिद्ध तीर्थस्थान आहे. ट्रेब्लिंका येथे आठ लाखांहून अधिक ज्यूंचा संहार झाला. मरणाऱ्या स्त्रियांचे केस कापण्याचे काम बोंबाकडे होते. लांझमान त्याला तेल अवीवमधील एका केशकर्तनालयात उभे करतात, हातात कात्री देतात, समोर गिऱ्हाईक बसवितात आणि प्रश्न विचारू लागतात. बोंबा बोलत राहतो, हात चालत राहतो. मग आपल्या सहकारी न्हाव्याची पत्नी आणि बहीण आत आल्या तो क्षण येतो आणि तो थांबतो. आपल्याला पुढे सांगता येणार नाही, असे तो विनवतो. लांझमान हळू आवाजात परंतु ठामपणे त्याला सांगावयास लावतात.

हा प्रसंग पाहताना आमचे मन दुभंगले. जखमेवरची खपली काढण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला आहे काय? लांझमान यांचे उत्तर असे की मृतांच्या वतीने हे बोलले गेलेच पाहिजे. आम्हांस हे उत्तर पूर्णपणे पटत नाही. साक्षीदार हा मृतांचा प्रतिनिधी खरा, पण तोही एक माणूस आहे, आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा त्याचा हक्क कोणत्याही इतिहासापेक्षा लहान नाही. शिवाय केशकर्तनालयाची ती सारी मांडणी दिग्दर्शकाने रचलेली होती. तरीही, तो लांबलेला मूक क्षण पाहिल्यावर, बोलणाऱ्याला स्वतःचे शब्द केवढ्याला पडतात याची जी जाणीव होते, ती अन्य मार्गाने झाली असती असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हा पेच आम्ही सोडवू शकलो नाही आणि तो सुटला असे भासविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मौखिक साक्षीविरुद्ध नेहमी पुढे केला जाणारा मुद्दा म्हणजे स्मृती चुकते. याचे एक बोधप्रद उदाहरण मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब यांनी १९९२ साली नोंदविले आहे. लाउब स्वतः बालपणी या छळातून वाचले होते. १९७९ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे वाचलेल्यांच्या मुलाखतींचे चित्रमुद्रण सुरू झाले, त्याच्या आरंभकर्त्यांपैकी ते एक. पुढे हा संग्रह येल विद्यापीठात गेला आणि आज त्यात ४,४०० हून अधिक साक्षी आहेत. एका वृद्ध स्त्रीने ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झच्या कैद्यांनी केलेल्या उठावाचे वर्णन करताना सांगितले की चार धुराडी उडाली. इतिहासकार म्हणाले की एकच उडाले होते, म्हणून तिची साक्ष टाकून द्यावी. लाउब यांचे म्हणणे पडले की, जेथे प्रतिकार कल्पनेपलीकडचा होता तेथे तो घडला, या विलक्षण गोष्टीची साक्ष ती देत आहे. आम्हांस दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटते. आकडा दुरुस्त करावा. साक्ष टाकू नये. आपली चार शुभवर्तमाने तपशिलांत एकमेकांहून भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेमुळे आपण त्यांतील एकही फेकून दिलेले नाही.

‘शोआ’नंतर संग्रहाचा व्याप फार वाढला. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या संस्थेने पाच-सहा वर्षांत ५६ देशांत आणि ३२ भाषांत सुमारे ५२,००० मुलाखती चित्रित केल्या. हे कार्य थोर आहे. ज्यांच्या मृत आप्तांची नावे कोठेही कोरलेली नव्हती, त्यांनी ती या मुलाखतींत उच्चारली. तथापि तेथील मुलाखत बहुधा ठरावीक वळणाने जाते: युद्धापूर्वीचे घर, युद्धातील हाल, युद्धानंतरचा संसार, आणि शेवटी मुलेनातवंडे शेजारी येऊन बसतात. तो शेवट पाहून आपले मन निवते. निवावेही, परंतु लांझमान आपल्याला चर्चच्या दारात सोडून देतात आणि तेथे मन निवत नाही, हा फरक ध्यानी घ्यावा. अलीकडे तर वाचलेल्या व्यक्तीची शेकडो उत्तरे आधी मुद्रित करून, प्रेक्षकाने प्रश्न विचारताच तिची प्रतिमा उत्तर देईल अशी योजना झाली आहे. मुलांना ती आकर्षित करते हे खरे. पण प्रश्न आपण निवडणार, आणि ते मौन कोठे असणार? स्रेब्निकला कोणी काही विचारलेच नव्हते, तरी त्याने साक्ष दिली.

युद्ध १९४५ साली संपले. तेव्हा जे तान्हे होते त्यांनीही आता ऐंशी ओलांडली आहे. बोंबा २००० साली गेले, स्रेब्निक २००६ साली, लांझमान २०१८ साली. लवकरच अशी वेळ येईल की या छळाचा एकही प्रत्यक्ष साक्षीदार उरणार नाही. उरतील ते ऐकणारे. म्हणून ऐकणाऱ्याने आपली जागा ओळखली पाहिजे.

ख्रिस्तसभेने ती ओळखण्यास आरंभ केला, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून ज्यूंना हिणविणारा शब्द काढला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले की प्रभू येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व ज्यूंवर सरसकट वा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही. १९९८ साली शोआच्या स्मरणार्थ व्हॅटिकनने निवेदन काढले, आणि मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल याद वाशेम येथे जाऊन वाचलेल्यांपुढे उभे राहिले. ते ऑश्विट्झपासून फार दूर नसलेल्या गावी जन्मले होते आणि त्यांचे ज्यू सवंगडी होते. ‘शोआ’मधील चर्चचा प्रसंग परिषदेच्या जाहीरनाम्यानंतर बऱ्याच वर्षांनी चित्रित झाला, हे मात्र विसरता येत नाही. रोममध्ये लिहिलेले वाक्य खेल्मनोच्या दारापर्यंत तोवर पोहोचलेले नव्हते.

आपल्या दारापर्यंत ते पोहोचले आहे काय? झावळ्यांच्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाची कथा वाचली जाते तेव्हा जमावाची ती रक्ताविषयीची आरोळी आपणच, सारी सभा मिळून, उच्चारतो. ऑर्गनवादकाच्या तोंडी आलेले शब्द तेच होत. आपल्यापैकी कितीजणांनी मुलांना त्यांचा अर्थ समजावून सांगितला आहे? कोकणात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांना आपण ‘शनवार तेली’ म्हणून ओळखत आलो. त्यांचे त्या वाक्याशी आपण काय नाते लावीत होतो?

‘शोआ’ हा निर्दोष चित्रपट नाही. तो एकांगी आहे, कधी निष्ठुर आहे आणि त्याची लांबी सामान्य प्रेक्षकाची कसोटी पाहते. तरीही आम्ही त्याला थोर म्हणतो, कारण तो साक्ष कपाटात बंद करून ठेवीत नाही. ती ऐकणाऱ्याच्या हाती सोपवितो. गायोव्निचेक बोलले आणि आपल्याला एक संत लाभला; ती साक्ष आपण आनंदाने घेतली. स्रेब्निक बोलला नाही, आणि त्याने आपल्याला आरशापुढे उभे केले. दोघेही एकाच पोलंडमधून, एकाच काळोखातून बाहेर आले होते. पहिल्याची साक्ष स्वीकारणाऱ्याला दुसऱ्याची नाकारता येत नाही. पुढच्या ८ सप्टेंबरला आपण मिरवणुकीने देवळाबाहेर पडू, तेव्हा दारात उभा असलेला तो गप्प माणूस आपल्यालाही दिसावा, एवढेच आमचे मागणे आहे.